वाघाच्या सालातली पोर

माझी मुलगी झाली ते साल चिनी लोकांत वाघाचं होतं, हे मला कुणी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. मला सांगितलं खालच्या मावशींनी, मी जाऊन सांगितलं आत्याला, आणि आत्याने त्याचं पुढे काय केलं तेच सांगायचंय मला.

आत्या म्हणजे माझी सासू. माझ्या बाबांची सख्खी बहीण. आमच्याकडे अजून देतात आत्याच्या घरात मुलगी. हे म्हणजे आत्याचा मुलगा, इंजिनियर झाले, अमेरिकेत रेडमंडला मोठ्या कंपनीत लागले, आणि तिकडे कुणी शिकलेली भेटेल या भीतीने आत्या आमच्याकडे येऊन बसली. बाबांना म्हणाली, दादा, घरातलीच पोरगी दे, माझ्या शब्दाबाहेर जायची नाही. माझी बारावी इंग्रजीत गेली होती, परत बसणार होते मी, फॉर्मपण आणला होता, तर लग्नच झालं. इंग्रजीत नापास झालेली मुलगी थेट अमेरिकेत. गावात हसायचे सगळे, मीपण हसायचे तेव्हा.

इथे आल्यावर हसू गेलं. रेडमंडला थंडीत पाऊस पडतो तो आपल्यासारखा धो धो पडून मोकळा होत नाही, नुसता गळत राहतो, चार वाजताच अंधार, आणि मी एका बेडरूमच्या घरात दिवसभर एकटी. फोन वाजला की मी तो उशीखाली दाबायचे, दारावर कुणी टकटक केलं की मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहायचे. इंग्रजी बोलावं लागेल म्हणून. खरंच सांगते.

खालच्या मावशी मला कपडे धुवायच्या खोलीत भेटल्या. आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांना मिळून तीन मशिनी होत्या. मी मशीनसमोर उभी, कुठलं बटण दाबायचं कळेना, आणि मागून एक हात आला आणि त्याने बटण दाबलं. वळून बघितलं तर चिनी बाई, साठीच्या, केस बारीक कापलेले, अंगात फुलाफुलांचा लांब बाह्यांचा झगा. त्या पण मुलाकडे राहायला आलेल्या. इंग्रजी त्यांना माझ्याएवढंच, म्हणजे काहीच नाही. त्यांनी फोन काढला, त्यात चिनीत बोलल्या, आणि फोन हिंदीत बोलला. बायकी आवाज, एकदम टीव्हीवर बातम्या सांगतात तसा. 'तुम्हारा पेट बड़ा है, भारी बाल्टी मत उठाओ.' मला इतकं हसू आलं आणि मग रडू आलं. अमेरिकेत आल्यापासून माझ्या पोटाविषयी कुणी पहिल्यांदा बोललं होतं.

त्यानंतर त्या रोज यायच्या. नातीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की वर यायच्या. माझी कणीक मळून द्यायच्या, माझ्यापेक्षा मऊ. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला काय म्हणायच्या ते मला अजून माहीत नाही, पण चांगलंच असणार.

बाळंतपणासाठी आत्या आली. मुलगी झाली. आत्याने पेढ्यांऐवजी फोनवर सगळ्यांना 'झाली, मुलगी झाली' एवढंच कळवलं, आणि कामाला लागली. डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, तेल लावून अंघोळ, सगळं केलं तिने, नाही म्हणणार नाही मी. करायची पण बोलून करायची. मी पोरीला चुकीची धरते, मी चुकीची पाजते, माझ्या हाताला वळण नाही. आणि ओव्याची धुरी. कोळसा मिळेना तर तिने गॅसवर तवा तापवला आणि त्यावर ओवा टाकला, आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही वाजायला लागला की मी पोरीला छातीशी धरून किंचाळत जिन्यात पळाले. आत्या आतून ओरडतेय, "अगं बंद कर ते, कुठंय त्याचं बटण!" मावशी खालून धावत वर आल्या. आल्या त्या दारात थांबल्या. आत नाही आल्या. हातातलं फडकं त्यांनी आत्याकडे फेकलं, हवा घाल म्हणून खूण केली, पण पाय उंबऱ्याच्या आत टाकला नाही.

आधी मला काही वाटलं नाही. पण मग रोजच तसं. सूपचा डबा घेऊन यायच्या, दारातून द्यायच्या, मी आत या म्हटलं की दोन्ही हात हलवून मागे सरकायच्या. पोरीला लांबूनच बघायच्या, मान वाकडी करून. मी पुढे केली की पाठच फिरवायच्या.

आत्या म्हणाली, "वास येतो त्यांना आपला. हिंगाचा."

"पण आधी यायच्या की, किचनमध्ये बसायच्या."

"आधी तू एकटी होतीस, गरज होती तिला कुणाची तरी. आता बाळंतीण, विटाळ. सगळ्यांना कळतं ते." आणि सूप मोरीत ओतून दिलं. तिने ते कधीच माझ्या पोटात जाऊ दिलं नाही, कशाचं असेल काय माहीत म्हणून.

मला फार लागलं ते. इथे माझं माणूस म्हणून एकच, आणि त्यालाही माझी घाण वाटावी. मग मीपण डबा घेताना वर बघायचं बंद केलं.

पोरगी सव्वा महिन्याची झाली, आणि त्या दिवशी मावशी आत आल्या. सरळ आत, चपला काढून, माझ्या पलंगावर बसल्या, आणि पोरीला अशी काही उचलून छातीला लावली की जणू महिनाभर उपाशी होत्या. आत्या देवापाशी होती, तिने मान वळवून बघितलं आणि परत घंटी वाजवायला लागली. मावशींनी पिशवीतून बूट काढले. एवढेसे, माझ्या अंगठ्याएवढे. हाताने शिवलेले, पिवळ्या कापडाचे, आणि पुढे वाघाचं तोंड भरलेलं. मोठ्ठे गोल डोळे, उभे कान, दोऱ्याच्या मिशा, कपाळावर तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. फोन म्हणाला, त्या रेघा म्हणजे 'राजा' असं लिहिलंय. वाघ सगळ्या जनावरांचा राजा, वाईट गोष्टी त्याला घाबरतात, म्हणून लहान मुलांच्या पायात वाघ घालतात, डोक्यावर घालतात, उशाला ठेवतात. डोळे मोठे कशाला तर बाळाला रस्ता दिसत नाही, तो वाघाने बघायचा.

मी म्हटलं, आमच्यातपण वाघनख घालतात गळ्यात. फोनने ते त्यांना सांगितलं, तर त्या टाळी वाजवून हसल्या.

मग मी विचारलं. विचारणार नव्हते, पण तोंडातून गेलंच. आत का येत नव्हतात? आमचा वास येतो का?

त्यांनी पोरीला एका हाताने सावरली आणि दुसऱ्या हातात फोन घेतला. मग बोलल्या, आणि ती बातम्यांवाली बाई हिंदीत सांगायला लागली. आमच्यात दर सालाला एक जनावर असतं, मी वाघाच्या सालातली आहे. आमच्याकडे वाघाच्या सालातल्या बाईला लग्नघरात बोलवत नाहीत, बाळंतिणीच्या खोलीत महिनाभर येऊ देत नाहीत. वाघ दाराबाहेर राखण करतो, पण आत घेतला तर खातो, असं मानतात. माझ्या आईने लग्नाच्या वेळी माझं साल एकाने मागे सांगितलं होतं. बैलाचं. बैल चालतो सगळ्यांना. मग सासरी खरं कळलं आणि माझ्या जावेच्या पोराला मी सहा महिन्यांत हात लावला नाही. तुझ्या पोरीला काही होऊ नये म्हणून मी थांबले. आता महिना झाला.

आणि पोरीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, हीपण वाघाच्या सालातली. माझ्यासारखीच. आमच्यात म्हणतात, अशा मुलीचं लग्न जड जातं, पण ते जुने लोक म्हणतात, तू ऐकू नको.

मला एवढं हलकं वाटलं ना. त्यांना माझी घाण वाटली नव्हती, उलट त्या स्वतःलाच लांब ठेवत होत्या. त्या गेल्या आणि मी तशीच धावत आत्याकडे गेले, बूट हातात घेऊन. आत्याने बूट बघितले आणि दोन पावलं मागेच गेली.

"डोळे बघ केवढे काढलेत! कुणी दिलेलं हे असलं घरात आणायचं? करणी असते ही, बाहुलीवर करतात तशी." तिने चिमट्याने उचलले बूट. चिमट्याने, निखारा उचलावा तसे, आणि बाहेर कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून आली.

म्हणून मी सांगितलं सगळं. करणी नाही हो आत्या, राखण असते, अशी अशी रीत आहे, त्या दारात का थांबायच्या त्याचं हे कारण, आणि आपली पोर पण वाघाच्या सालातली आहे म्हणून त्यांनी मुद्दाम शिवले. मला वाटलं सगळं सांगितलं की तिला पटेल. आत्या नीट ऐकत होती. इतकं नीट तिने माझं कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं, "लग्न जड जातं म्हणाली?"

ते तिने ठेवून दिलं डोक्यात.

थंडी सुरू झाली आणि यांची नोकरी गेली. सकाळी लॅपटॉप उघडला तर उघडेचना. हे परत परत पासवर्ड टाकतायत, आणि मग फोनवर मेल बघितला आणि तसेच बसले. त्यांच्या टीममधले निम्मे गेले, पण बाकीचे इथले होते, आमचं व्हिसावर. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाहीतर देश सोडा. हे दिवसभर बेडरूमचं दार लावून इंटरव्ह्यू द्यायचे, बाहेर पोरगी रडली की आतून भिंतीवर मूठ आपटायचे. मी तिला घेऊन जिन्यात बसायचे, जॅकेटच्या आत घालून.

आत्या फोनवर माझ्या बाबांशी बोलत होती. स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणूनच.

"दादा, मी काही मनाने नाही सांगत. इथली चिनी बाईसुद्धा म्हणाली, वाघाच्या सालातली पोर बापाला जड असते."

मी पोळी तव्यावर सोडून गेले. "आत्या, त्या बापाला नाही म्हणाल्या."

"जड म्हणाली की नाही?"

"लग्नाला म्हणाल्या. आणि ते ऐकू नको म्हणाल्या."

"मग लग्न काय बापाला सोडून होतं? अगं पोर आली आणि नोकरी गेली, डोळ्यांना दिसतंय. आणि तू आलीस तेव्हा याचा प्रमोशनचा कागद अडकला होता, ते तरी मी बोलले का कधी?"

बोलली होती. सगळ्यांकडे बोलली होती.

ज्या बाईचे बूट चिमट्याने टाकले, तिचंच शास्त्र आता आत्याला पक्कं पटलं. राखणीचा वाघ तिला करणी वाटला आणि खाणारा वाघ खरा. आणि माझे बाबा तिकडून "हं, हं" करतायत. त्यांची एकुलती बहीण. तिच्यापुढे त्यांनी कधी आवाज काढला नाही.

आणि मग तिने ते काढलं. तिचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. ती पोरीला घेऊन जाणार. मला नाही, फक्त पोरीला. मी इथे राहायचं, यांना टेन्शनमध्ये बाहेरचं पचत नाही, स्वयंपाक करायला, आणि मी एकदा गेले तर माझा व्हिसा परत मिळेल न मिळेल. पोरीचं काय, ती इथे जन्मलेली, तिला अमेरिकेचा निळा पासपोर्ट मिळणार, ती कधीही येईल. घरात एकटी तीच पक्की होती, म्हणून तिलाच घालवायचं.

"दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता, फोनवर जॉब बघत. "सगळे ठेवतात. आईकडेच जाणारे, परक्याकडे नाही. मला जरा शांतता मिळेल."

"अहो, दूध पिते ती माझं."

"पावडर मिळते," आत्या म्हणाली.

मला अशा वेळी बोलता येत नाही, शब्द येतात ते सगळे एकदम आणि एकही नीट येत नाही. मी पोरीला उचललं आणि खाली मावशींकडे गेले.

त्यांच्या घरी मी क्वचित जायचे, कारण त्यांची सून. ती सकाळी कामावर जायची, रात्री यायची, आणि सासूशी बोललेली मी कधी ऐकली नाही. त्या दिवशी ती घरीच होती. तिची मुलगी, पाच वर्षांची, जेवायला बसली होती. आईने वाटीत काहीतरी वाढायला चमचा पुढे केला तर मुलीने तिचा हात झिडकारला आणि उठून मावशींच्या मागे जाऊन उभी राहिली. मावशींनी वाढलं तेव्हा खाल्लं. सुनेने चमचा धुतला, पुसला, आणि आत जाऊन दार लावलं. जोरात नाही लावलं. हळूच लावलं.

मी फोनमध्ये सांगितलं सगळं. आत्या पोरीला न्यायचं म्हणते. मला वाटलं मावशी म्हणतील पाठवू नको, मग मी जाऊन यांना सांगेन की बघा चिनी बाईच म्हणाली, तुमच्यात तिचंच चालतं ना. पण त्या तसं म्हणाल्याच नाहीत. त्या नातीचे केस नीट करत बोलत राहिल्या. ही आठ महिन्यांची असताना माझा मुलगा हिला चीनला गावी माझ्याकडे आणून सोडून गेला. दोघांना काम होतं. मी सांभाळली. चौथ्या वर्षी घ्यायला आले तर ही आईला 'पाहुणी मावशी' म्हणाली. अजून माझ्याशिवाय झोपत नाही. सून म्हणते, तुम्ही माझी मुलगी खाल्ली. म्हणते, वाघाच्या सालातली बाई, खाणारच.

आणि मग म्हणाल्या, ती खोटं बोलत नाही. मला ही हवी होती.

फोन ते सगळं त्याच बातम्यांच्या आवाजात बोलला. मी माझ्या पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

पोरीच्या पासपोर्टसाठी पोस्टात जायचं होतं, इथे पासपोर्टचे फॉर्म पोस्टातच घेतात. इथे लहान मुलाच्या पासपोर्टला आईबाप दोघं लागतात समोर. हे मला गाडीतच कळलं, यांनी सांगितलं, "तुला काही करायचं नाही, हात वर करायचा आणि येस म्हणायचं." आत्या मागे बसली होती, पोरीला टोपी घालत होती. टोपी कानावर, टोपी कानावर, चारदा म्हणाली. रस्ताभर पाऊस.

खिडकीत एक काळी बाई होती, चष्मा साखळीला लावलेला. तिने फोटो चिकटवला, कागद बघितले, पोरीकडे बघून लाडाचं काहीतरी बोलली. मग म्हणाली, हात वर करा. यांनी केला. मी केला. तिने भरभर काहीतरी वाचलं, आणि विचारलं की दोघांची परवानगी आहे का. एवढं इंग्रजी मला कळतं. नापास झाले तरी एवढं कळतं.

हे म्हणाले, "येस."

माझा हात वरच होता, आणि मला सगळ्या लोकांत लघवी होईल असं वाटत होतं.

"शी डझन्ट स्पीक इंग्लिश," हे हसून म्हणाले. आणि मला मराठीत, दातातून, "येस म्हण."

त्या बाईने चष्मा काढला. यांच्याकडे तळहात केला, थांबा असा, आणि माझ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द सोडून परत विचारलं.

मी म्हटलं, "नो."

आवाज एवढा बारीक आला की मलाच वाटलं आला नाही. म्हणून परत म्हटलं. नो. मग मला थांबवेना, मी नो नो नो म्हणत राहिले, आणि मागे लायनीत उभी असलेली माणसं वाकून बघायला लागली. त्या बाईने कागद गोळा केले, फोटो अलगद सोडवला आणि सगळं माझ्या हातात दिलं. यांच्या नाही, माझ्या.

गाडीत हे एवढंच म्हणाले, "बरंच शिकलीस." आत्याने पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, ठेवलं म्हणजे सोडलंच, आणि खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिने फोन लावला. ती रडत होती. खोटं नव्हतं ते रडणं, मी ओळखते. "दादा, तुझ्या पोरीने मला परक्या देशात, चार लोकांत, चोर ठरवलं." तिला पोरगी खरंच हवी होती. पायगुण, वाघ, सगळं बोलत होती, पण रोज अंघोळ घालून घालून तिला लळा लागला होता आणि मोकळ्या हाताने जायचं नव्हतं. हे मला मावशींमुळे कळलं. कळून उपयोग काय, ती तर आता माझं तोंड बघायला तयार नव्हती. विमानतळावर तिने पोरीच्या गालाला हात लावला, मला म्हणाली, "नोकरी लागली नाही तर लक्षात ठेव कुणामुळे."

लागली. मुदत संपायला आली असताना लागली, टेक्सासमध्ये, अर्विंगला, पहिल्यापेक्षा छोटी कंपनी. आत्या म्हणाली, तिने तिकडे केलेल्या सोमवारांमुळे. मावशींना निघताना भेटले, त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि लगेच परत दिलं. त्यांची सून खिडकीतून बघत होती.

आता आम्ही अर्विंगला राहतो. इथे ऊन आहे, इंडियन दुकानं आहेत, दुकानात मराठी बोलणाऱ्या काकू भेटतात, विचारतात, माहेर कुठलं गं तुझं? मी गावाचं नाव सांगते आणि पुढची वस्तू बघायला लागते. कारण माझं माहेर आणि आत्याचं माहेर एकच, आणि त्या घरात आता तिचं चालतं. बाबांनी निरोप पाठवला होता, माझ्या बहिणीला हात जोडून माफी माग, मग फोन कर. मी मागितली नाही. कशाची मागू? पोरगी माझ्याजवळ ठेवली त्याची? हे माझ्याशी मिठाबद्दल बोलतात, गाडीबद्दल बोलतात, पोरीच्या शाळेबद्दल बोलतात. चिडले की म्हणतात, तू काय बाई, पोस्टात जाऊन सांग. त्यांची नोकरी अजून व्हिसावरच आहे, आणि सकाळी त्यांचा लॅपटॉप उघडेपर्यंत मी किचनमध्ये श्वास धरून उभी असते. उद्या गेली नोकरी तर परत तेच निघणार. तेव्हा खिडकीत कोण असेल, विचारेल की नाही विचारेल, काही सांगता येत नाही.

आईचा फोन येतो. बाबा दुकानात गेले की शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवरून करते, हळू बोलते, मधेमधे मागे वळून बघते. परवा म्हणाली, दाखव ना तिला जरा. मी दाखवली. पोरगी बिस्किट खात होती, म्हणाली, "हू इज दॅट?"

"आजी आहे तुझी," मी म्हटलं. "माझी आई."

"नो," पोरगी म्हणाली, "आजी इज द अदर वन." आत्या दर रविवारी यांच्या फोनवर तासभर तिच्याशी बोलते, तिला गाणी म्हणून दाखवते.

आई हसली. पदराने मोबाईलची काच पुसली, जवळ धरली, आणि म्हणाली, "असू दे गं. काही जेवलीस का तू आज?"